कॉपर बेंडच्या हातोड्याची चोरी

१

पेटी उघडली आणि आत हातोडा नव्हता.

निळ्या मखमलीत त्याच्या आकाराचा खळगा तेवढा होता. कॉपर बेंडच्या सभागृहात जमलेली दीडशे माणसं त्या खळग्याकडे बघत राहिली. बँडवाल्यांनी तोंडाला लावलेली वाद्यं हळूच खाली घेतली. पाद्रीबुवांनी आशीर्वादासाठी उचललेला हात तसाच वर राहिला होता, तो त्यांनी डोकं खाजवून कसाबसा खाली आणला.

प्रसंग निरोपाच्या जेवणाचा होता. पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन पुढच्या आठवड्यात शिकागोला भरायचं होतं. देशभरातून हजारभर प्रतिनिधी जमायचे, राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायचे, आणि त्या हजारांतला एक कॉपर बेंडचा असायचा. चार वर्षांतून एकदा, एक माणूस, एक मत. त्या एका मताचं गावाला एवढं कौतुक की लग्नातसुद्धा कुणी एवढा थाट करत नसे. यंदा त्यात हातोड्याची भर पडली होती. ज्या कॉटनवूड झाडाच्या बुंध्यावर उभं राहून जिल्ह्याच्या पहिल्या प्रतिनिधीनं भाषण ठोकलं होतं, त्याच बुंध्याच्या लाकडाचा हातोडा करून तो अधिवेशनाच्या सभापतींना भेट द्यायचा होता. सभापती तो आपटणार आणि अख्खा देश कॉपर बेंडच्या लाकडाच्या आवाजानं गप्प बसणार, या कल्पनेनं गावाला महिनाभर झोप नव्हती.

प्रतिनिधी होता ऑरिन स्टोडार्ड. वय चौऱ्याहत्तर, पांढरे केस, ताठ कणा, आणि सलग सहाव्यांदा निवडून आलेला. पेटी त्यानंच घरून काखेत मारून आणली होती आणि मंचाशेजारच्या टेबलावर ठेवली होती. जेवण रंगात आलं असताना भट्टीच्या कारखान्याचा भोंगा वाजला. घोड्यांच्या तबेल्याचं धुराडं पेटलं होतं. सगळे बादल्या घेऊन धावले, आग विझवून काळ्या तोंडानं हसत परत आले, आणि मग ऑरिननं पेटी उघडली.

"चोरी!" जिल्हाध्यक्ष कर्नल बर्डेट क्रॉल गरजले. त्यांची दाढी छातीपर्यंत होती आणि आवाज त्या दाढीतून गाळून यायचा. "दारं बंद करा!"

ऑरिननं त्यांच्याकडे बघितलंही नाही. तो मंचावर चढला आणि म्हणाला, "हातोडा सापडेपर्यंत मी गाव सोडणार नाही. परवाची गाडी चुकली तर चुकली. माझ्या जागी ॲडेला जाईल. बदली प्रतिनिधी असतो कशाला?"

ॲडेला टोबिन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. विधवा बाई, गावातली बेकरी तिची. कोलोरॅडोत बायकांना मत मिळून वीसेक वर्षं झाली होती, पण अधिवेशनाला बदली म्हणून निवडलेली जिल्ह्यातली ती पहिलीच बाई.

"वा!" कर्नल म्हणाले. "हातोडा जातो काय, प्रतिनिधी घरी बसतो काय, आणि शिकागोची वारी मिळते कुणाला? आणि भोंगा झाला तेव्हा सगळे बाहेर धावले, आत मागे राहिलं कोण?"

दीडशे माना ॲडेलाकडे वळल्या.

"भट्टीत माझे पाय होते," ती म्हणाली. मग सगळ्यांचे चेहरे बघून तिनं घाईनं दुरुस्ती केली. "सफरचंदाचे! खायचे पाय!"

कुणीही हसलं नाही.

२

तपास कुणी करायचा यावर वाद झाला, आणि शेवटी सगळ्यांचं एकमत ज्याच्यावर झालं तो माणूस या पक्षाचा नव्हताच.

निवृत्त न्यायाधीश एझ्रा पेनहॅलो जन्मापासून विरोधी पक्षाचे. निरोपाच्या जेवणाला ते दर वेळी यायचे ते केवळ ॲडेलाच्या पायसाठी. पण घरातलं भांडण शेजाऱ्यानं सोडवलेलं बरं, असं सगळ्यांना वाटलं. त्यातून ऑरिन त्यांचा जिवलग मित्र. दर रविवारी दोघं सोंगट्यांचा पट मांडून बसत. जज्जसाहेब अखंड बोलायचे आणि ऑरिन मान डोलवून त्यांना हरवायचा.

जज्जसाहेबांना स्वतःच्या नजरेचा भारी अभिमान होता. माझ्यापासून काही लपत नाही, हे ते दिवसातून एकदा तरी ऐकवायचे.

"उद्या संध्याकाळी सभा," कर्नलनी जाहीर केलं. "तोवर चोर सापडला तर ठीक. नाहीतर ॲडेला टोबिनला बदलीपदावरून काढण्याचा ठराव मी मांडणार."

यातली मेख सगळ्यांना ठाऊक होती. प्रतिनिधी नुसता गैरहजर राहिला तर त्याच्या जागी बदली बसतो. पण बदलीही नसेल, किंवा प्रतिनिधीनं राजीनामा दिला, तर जागा रिकामी होते. आणि जिल्ह्याच्या नियमाप्रमाणे रिकामी जागा भरायची जिल्हा समितीनं. समिती म्हणजे कर्नल. आणि कर्नलच्या मनात होता त्यांचा पुतण्या पर्सी, जो रेल्वे कंपनीच्या वकिलाच्या मागे शेपटासारखा फिरायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी जज्जसाहेब बेकरीत पोचले. ॲडेला कोपरापर्यंत पिठात होती.

"या, जज्जसाहेब. बेड्या आणल्यात की नुसतीच भूक?"

तिचा आवाज म्हणजे गावातलं एक प्रकरणच होतं. ती दुकानातून गिऱ्हाइकाला हाक मारायची तेव्हा नदीपलीकडच्या गाई मान वर करायच्या.

"ॲडेला, ही चेष्टेची वेळ नाही. उद्या गावात तुझा पाव कुणी घेणार नाही."

तिचे हात थांबले. "ठाऊक आहे मला. सकाळपासून चारच गिऱ्हाइकं आली, आणि त्यातल्या दोघी नुसत्या तोंड बघायला." ती मळलेल्या गोळ्याकडे बघत राहिली. "शिकागो गेलं खड्ड्यात. पण मला चोर म्हणून या गावात राहता येणार नाही. माझा नवरा इथल्या मातीत आहे, मी जाऊ कुठे?"

"मग सांग ना, काय झालं ते."

"मी हातोडा घेतला नाही. भट्टी बंद केली, पाय काढले, आणि तुमच्यासाठी एक मोठा तुकडा बाजूला ठेवला. बस."

"कुणावर संशय आहे?"

"संशय नाही," ॲडेला शांतपणे म्हणाली. "खात्री आहे. आणि तुम्ही फासावर चढवलंत तरी नाव सांगणार नाही."

३

कर्नल क्रॉलांच्या कचेरीत बसायला एकच खुर्ची होती आणि ती कर्नलची होती.

"माझ्यावर संशय?" दाढी थरथरली. "मी बादल्या देणाऱ्यांच्या रांगेत पहिला होतो! पर्सी शिडी धरून होता. अख्ख्या गावानं बघितलंय!"

ते खरं होतं. जज्जसाहेबांच्या बुटांवर पहिली बादली याच कर्नलनी सांडली होती.

"एवढा राग का, कर्नल? ऑरिन आणि तुम्ही एकेकाळी एका ताटात जेवायचात."

कर्नल खिडकीशी गेले. बोलले तेव्हा आवाज उतरला होता. "ते त्याला विचारा. चार वर्षं झाली. मी रस्त्यात हाक मारतो, हा नुसता माझ्या दाढीकडे बघतो आणि पुढे जातो. सभेत मी शेजारी बसलो तर उठून पलीकडे जातो. माझी बायको गेली तेव्हा मी त्याच्या अंगणात उभा राहून रडलो, जज्ज. त्यानं नुसता माझा खांदा थोपटला. एक शब्द नाही! दगडालासुद्धा पाझर फुटला असता."

"म्हणून त्याची जागा पुतण्याला?"

"ज्यानं मला माणसात धरलं नाही, त्याला मी का धरू?"

जज्जसाहेब जिना उतरून रस्त्यावर आले. त्यांना कर्नलची कीव आली होती, आणि त्यामुळे ते स्वतःवरच चिडले होते.

तिथून ते स्टोडार्डांच्या घरी गेले. फीबी, ऑरिनची बायको, ओसरीवर मटार सोलत होती. तिनं त्यांना आत नेलं, केशरी बन आणि कॉफी पुढे ठेवली, आणि ऑरिनच्या समोर नाही तर अगदी शेजारी बसली. टेलिफोन भिंतीवरून काढलेला होता. तिथं चार भोकं उरली होती.

"फीबी दिवसभर गप्पा मारायची, बिल परवडेना," ऑरिननं मागेच सांगितलं होतं.

"आता नीट आठवून सांग," जज्जसाहेब म्हणाले. "हातोडा शेवटचा कधी बघितलास?"

"जेवताना. सहज झाकण उघडून बघितलं, होता. झाकण लावतोय तोच आगीची घंटा झाली. पहिल्या ठोक्याला मी उठलो आणि सगळ्यांबरोबर बाहेर पळालो. परत आलो तर हे असं."

"म्हणजे चोरी आग विझवत होतो तेव्हाच झाली."

"उघडच आहे." ऑरिननं नजर वळवली. "पण ॲडेलानं नाही केली. ती तसली नव्हे. तू शोधून काढ, एझ्रा. तोवर तिला जाऊ द्या म्हणजे झालं."

खोलीत कमालीची शांतता होती. जज्जसाहेबांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते कळेना. त्यांनी दुसरा बन खाल्ला तरी कळेना.

परतताना वाटेत अग्निशमन केंद्राचं अंगण लागलं. तिथं गवतात एक भलीमोठी पितळी वस्तू आडवी पडली होती आणि तिच्यात कोंबडी अंडं घालून बसली होती. जज्जसाहेब दोन पावलं पुढे गेले आणि जागच्या जागी थांबले.

ती आगीची घंटा होती. तिला तडा गेला म्हणून महिन्याभरापूर्वी मनोऱ्यावरून उतरवून ठेवली होती.

४

काल घंटा वाजलीच नव्हती. भोंगा वाजला होता, तोही असा की टेबलावरचे पेले थरथरले.

माणूस सवयीनं भोंग्याला घंटा म्हणेल, जज्जसाहेबांनी स्वतःशी वाद घातला. पण "पहिल्या ठोक्याला"? भोंग्याला ठोके कुठले? एवढा कर्कश आवाज ज्यानं ऐकला, त्याच्या तोंडी ठोका येईल कसा? ऐकलाच नसेल तर मात्र येईल. सगळे उठून पळताना बघितले, खिडकीतून धूर दिसला, आणि म्हाताऱ्यानं वर्षानुवर्षांची घंटा मनातल्या मनात वाजवून घेतली.

ते उलटपावली निघाले. ऑरिन आता परसात घेवड्याच्या वेलांना काठ्या लावत होता, कुंपणाकडे पाठ करून.

"ऑरिन!"

काही नाही.

"ऑरिन! अरे ए बहाद्दरा, पटावर मी तुझी सोंगटी चोरली होती ईस्टरला!"

शेजाऱ्याचा कुत्रा भुंकून भुंकून बेजार झाला. ऑरिननं शांतपणे पुढच्या वेलाला सुतळी बांधली.

जज्जसाहेब कुंपणाशीच उभे राहिले. चार वर्षं दर रविवारी हा माणूस समोर बसत होता. आपण बोलत होतो आणि हा ओठ वाचून मान डोलवत होता. माझ्यापासून काही लपत नाही म्हणे!

आणि मग त्या खोलीत काय चुकलं होतं तेही त्यांना कळलं. ते ओसरीवरून थेट आत गेले. कोपऱ्यात फीबीच्या माहेरचं उभं घड्याळ होतं, माणसाच्या उंचीचं. त्याची टिकटिक रस्त्यावर ऐकू यायची. आज ते मुकं होतं.

"फीबी, घड्याळ का बंद?"

"किल्ली द्यायची राहिली," फीबी दारातून म्हणाली.

"तुझी? घड्याळाला किल्ली द्यायची राहिली?"

तिनं पदर नव्हता म्हणून एप्रनच डोळ्यांना लावला. जज्जसाहेबांनी घड्याळाचं लांब दार उघडलं. लंबकाला टेकून, नव्या लाकडाचा वास येत, कॉपर बेंडचा हातोडा उभा होता.

"काल दुपारी, जेवणाला निघायच्या आधीच थांबलं," फीबी रडत म्हणाली. "मी उघडून बघितलं आणि लावून टाकलं. ज्याला ऐकू येतं त्याला घड्याळ थांबल्याचं लगेच कळलं असतं हो. यांना अजून कळलेलं नाही."

मागे दारात सावली पडली. हातात सुतळीचा गुंडा घेऊन ऑरिन उभा होता. त्याची नजर उघड्या घड्याळावर होती.

५

"म्हणजे पेटी रिकामीच आणलीस," जज्जसाहेब त्याच्या समोर तोंड करून, एकेक शब्द सुटा करून म्हणाले. "आगीशी चोरीचा संबंधच नाही."

"आग आपोआप लागली." ऑरिन खुर्चीत बसला. एकदम म्हातारा दिसला. "मी जेवणानंतर पेटी उघडून तमाशा करणारच होतो. आग लागली, मला वाटलं देवच पावला."

"पण का? राजीनामा देऊन मोकळा झाला असतास!"

"राजीनामा दिला की जागा रिकामी. मग पर्सी जाणार आणि आपलं मत रेल्वेवाल्यांच्या खिशात. आजारपणाचं सोंग करावं तर डॉक्टर तपासणार, कान बघणार, नालायक ठरवणार. पुन्हा जागा रिकामी. मी निवडलेला राहून नुसतं गैरहजर राहायला हवं होतं. तरच ॲडेला बसेल. ती खमकी आहे, तिचा आवाज दहा हजारांच्या सभेत पोचेल."

"पण गेल्या खेपेला तू गेला होतास की."

ऑरिननं सुतळी गुंडाळायला घेतली. "गेलो होतो. मोजणीवर वाद झाला की एकेकाचं नाव पुकारतात. नाव आलं की उठून मत सांगायचं. माझं नाव तीनदा पुकारलं, एझ्रा. मी छताकडचे झेंडे बघत बसलो होतो. शेजाऱ्यानं कोपर मारलं तोवर 'गैरहजर' लिहून पुढे गेले होते. चार वर्षांत एकदा या गावाला तोंड उघडायला मिळतं, आणि मी ते बंद ठेवलं. घरी येऊन सांगितलं, सगळं झकास झालं."

फीबीनं त्याचा हात हातात घेतला.

"आता ऐक," जज्जसाहेब म्हणाले. "म्हणजे, बघ. आज संध्याकाळी ॲडेलाला चोर ठरवून काढणार आहेत. तू तिला जागा द्यायला निघालास आणि तिचं नाव घालवून बसलास."

"मी सभागृहाच्या पायरीवर हातोडा ठेवतो. सापडला म्हणून सांग."

"मग तिनं घाबरून परत ठेवला म्हणतील."

ऑरिननं डोळे मिटले. मिटले की त्याचं जग संपूर्ण बंद व्हायचं, हे जज्जसाहेबांना आज पहिल्यांदा समजलं.

"पाचशे माणसं मला मान देतात," ऑरिन डोळे मिटूनच म्हणाला. "उद्यापासून कीव करतील." मग तो उठला आणि फीबीला म्हणाला, "माझा चांगला कोट काढ."

६

सभागृह कालच्यापेक्षा गच्च भरलं होतं. कर्नलनी आपला ठराव मांडला होता. ॲडेला एकटी पहिल्या रांगेत बसली होती. दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

ऑरिन मंचावर चढला. त्यानं कोटाच्या आतून हातोडा काढला आणि टेबलावर ठेवला. सभागृहात जी गडबड उडाली ती त्याला फक्त दिसली.

"हा मी चोरला," तो म्हणाला. "कारण मला ऐकू येत नाही. चार वर्षं झाली. गेल्या अधिवेशनात माझं नाव पुकारलं ते मला कळलं नाही आणि तुमचं मत फुकट गेलं. हे मी तुमच्यापासून लपवलं. ॲडेलाचा यात काडीचा दोष नाही. मला क्षमा करा."

जज्जसाहेब पुढे झाले. अशा गौप्यस्फोटानंतर चार शब्द बोलणं हे आपलं कर्तव्यच आहे असं त्यांना वाटत होतं. एवढ्यात मागून न्हावी ॲम्ब्रोज संकोचून म्हणाला, "पण ते तर आम्हाला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?" जज्जसाहेब ओरडले.

"ऐकू येत नाही ते. मी काकांचे केस कापतो, आरशात बघून बोलावं लागतं."

"आणि ते मताचं?"

"डेन्व्हरच्या पेपरात छापून आलं होतं की," पाद्रीबुवा म्हणाले. "आमच्या पक्षाच्या. तुम्ही तो पेपर वाचत नाही, जज्जसाहेब."

ॲडेला उठली, मंचासमोर आली आणि ऑरिनला आपले ओठ दिसतील अशी उभी राहिली. "ऑरिनकाका, एप्रिलच्या सभेत तुम्हाला निवडलं तेव्हा या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी तुम्हालाच निवडलं. आणि बदली म्हणून मला का निवडलं? माझं राजकारण फार मोठं म्हणून? आवाज मोठा म्हणून!"

"म्हणजे चोर मीच, हे तू कालच ओळखलंस?" ऑरिननं विचारलं. "मग बोलली का नाहीस?"

"चारचौघांत कसं बोलू? तुम्हाला सांगायचं म्हणजे ओरडायला लागलं असतं, नि गाई ऐकत्या."

आता मात्र हसू फुटलं. पण कर्नल क्रॉल खुर्चीवरून उठले होते. "मला कसं ठाऊक नाही? मला कुणी सांगितलं नाही!"

"तुम्ही कुणाला बोलू देता का?" एका बाईनं मागून हाणलं.

कर्नल ऑरिनसमोर जाऊन उभे राहिले. "म्हणजे चार वर्षं तू मला टाळत नव्हतास?"

ऑरिननं असहायपणे फीबीकडे बघितलं. तिनं वाक्य ओठांनी पुन्हा सांगितलं. ऑरिनचा चेहरा बदलला.

"अरे बर्डेट," तो म्हणाला, "तुझ्या त्या जंगलात मला ओठ दिसत नाहीत रे! काय बोलायचास देव जाणे. माझ्या अंगणात तू रडलास, मी म्हटलं काय बोलावं, कशाबद्दल ते तर कळू दे. नंतर फीबीनं सांगितलं. मला यायची लाज वाटली."

कर्नलनी नाक शिंकरलं. ते इतका वेळ शिंकरत होते की बँडमधल्या कुणीतरी ताल धरला. मग ते आपल्या जागेवर गेले.

"ठराव मांडला गेलेला आहे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मांडलेला ठराव मताला टाकावा लागतो. ॲडेला टोबिनला काढावं का? नियमाप्रमाणे, एकेकाचं नाव पुकारून."

नाव पुकारून. ऑरिननं खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली. चिटणीस वाचू लागला. एकेक जण उठे, "नाही" म्हणे आणि बसे. ऑरिन ओठांमागून ओठ बघत होता, पण चिटणीस कागदात तोंड खुपसून वाचत होता. जज्जसाहेबांना ते बघवेना. त्यांना मधे पडावंसं वाटलं, पण या सभेत त्यांना बोलायचा अधिकार नव्हता.

"ऑरिन स्टोडार्ड," चिटणीसानं वाचलं.

कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. पण एकाच वेळी सभागृहातला प्रत्येक चेहरा ऑरिनकडे वळला. कर्नल वळले. ॲडेला वळली. ज्यांना या पक्षात काही स्थान नव्हतं ते जज्जसाहेबसुद्धा वळले. ऑरिननं ते सगळे चेहरे बघितले. त्याचे डोळे भरून आले.

"नाही!" तो एवढ्या जोरानं ओरडला की बाहेर बांधलेले घोडे उधळले.

सगळ्यात शेवटी अध्यक्षांचं नाव आलं. "नाही," कर्नल म्हणाले. "ठराव एकमतानं बोंबलला. सकाळच्या गाडीनं दोघंही जा."

लोक ॲडेलाभोवती जमले. काल पाठ फिरवलेल्या बायका आज पावाच्या मागण्या नोंदवत होत्या, आणि ती रडत, हसत, सगळ्यांना होय म्हणत होती. ऑरिन गर्दीतून वाट काढत तिच्यापर्यंत आला.

"शिकागोत माझं नाव पुकारलं की माझ्याकडे बघशील?" त्यानं विचारलं.

"बघीन, काका. पण बदली प्रतिनिधींना मागच्या रांगेत बसवतात. मी तुम्हाला दिसणार कशी?"

ऑरिननं क्षणभर विचार केला.

"मग मी सभापतींकडे पाठ करून बसेन," तो म्हणाला.